कुंकू लावलेले टोकण यंत्र

जुने औजार विकत घेण्यापूर्वी ते कोणत्या क्रमाने पाहावे, हे मला ठाऊक होते. आधी सांगाडा पाहावा, मग चाके, मग साखळ्या, त्यानंतर बियाण्याच्या पेट्या व त्यांतल्या तबकड्या, आणि रंग सर्वांत शेवटी. नवा रंग फसवा असतो; तो विकणाऱ्याची इच्छा सांगतो, यंत्राची प्रकृती सांगत नाही. हे सगळे पाहून होण्यापूर्वी कोणती गोष्ट मुळीच करू नये, हेही मला ठाऊक होते. रेणापूरजवळच्या त्या शेतात मी नेमकी तीच गोष्ट सर्वांत आधी केली.

ती का केली, हे कळण्यासाठी माझी थोरली जाऊ आणि मी यांच्यातला व्यवहार सांगायला हवा.

आमची शेते अहमदपूर तालुक्यात एकाच धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना आहेत. मोठे भावजी गेले तेव्हा जाऊबाईंचा मुलगा लहान होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत असे. त्या वर्षापासून आम्ही दोघींनी वारंगुळा सुरू केला. वारंगुळा म्हणजे कामाची अदलाबदल. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. त्यात मजुरी नसते आणि उपकारही नसतात. मी सुट्ट्यांत आणि रविवारी जात असे, निवृत्त झाल्यापासून रोज जाऊ लागले. मका आम्ही हाताने टोकत असू. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. अक्का खुरप्याने जागा करायच्या, मी मागून दोन दाणे टाकून पायाने माती लोटायची. एका ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे बोलणे होते, तेवढे घरात बसून महिनाभरात होत नाही. औषधाचे प्रमाण, बँकेतले काम, मुलाने कोणते विषय घ्यावेत, सगळे त्या मला विचारीत. दुकानदाराने काही गळ्यात मारायला पाहिले की त्या म्हणत, आमच्या मास्तरणीला इचारते आन् सांगते.

आणखी एक गोष्ट होती. खंडेनवमीला औजारांची पूजा असते. अक्का स्वतःच्या औजारांना कुंकू लावीत नसत. विधवेने लावू नये, ही रीत त्यांनी कोणी न सांगताच धरली होती. मला ती पटत नसे. एकदा मी त्यांना तसे म्हटलेही. त्यांनी करंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, शाळा शाळेत. तेव्हापासून त्यांची तिफण, कोळपे, पुढे मुलाने घेतलेला ट्रॅक्टर, सगळ्यांना कुंकू मीच लावत आले. रीत पटत नव्हती, पण तो मान मला सोडवत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

गेल्या वर्षी त्यांच्या घरी सून आली. लातूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेली, बोलण्यात नम्र, कामात चपळ. तिच्यात दोष काढणे कठीण होते, हाच मला तिचा पहिला दोष वाटला. पोळ्याच्या आसपास मी पहिल्यांदा अक्कांच्या तोंडून ‘माझी सून म्हणती’ हे शब्द ऐकले. त्यानंतर ते मोजण्यापलीकडे गेले. सोयाबीनवर कधी फवारायचे, सून म्हणती. मातीची तपासणी करायची, सून म्हणती. एकदा भर दुकानात दुकानदाराने सवयीने विचारले, मास्तरीणबाईंना विचारून सांगता का? अक्का म्हणाल्या, आता घरातच हाय की इचारायला. मी तिथेच उभी होते. त्यांनी ते सहज म्हटले होते. मुद्दाम म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

सोयाबीन निघाल्यावर रब्बीची मका करायची होती. एका संध्याकाळी अक्का माझ्या ओट्यावर येऊन म्हणाल्या की या साली मका यंत्राने टोकायची. सुनेने फोनवर जाहिरात पाहिली होती. रेणापूरजवळच्या एका शेतकऱ्याने ऊस लावला, त्याला त्याचे चार फणांचे जुने टोकण यंत्र विकायचे होते.

मी ऐकून घेतले आणि मनातल्या मनात गणित मांडले. ट्रॅक्टर त्यांच्या मुलाचा, यंत्र त्यांचे, कल्पना सुनेची. चार ओळी एका फेरीत होणार. मग खुरप्यामागून दाणे टाकणारीचे काम काय? वारंगुळा राहणार नाही. आणि वारंगुळा नसेल तर धुरा ओलांडून रोज सकाळी त्यांच्याकडे जायला माझ्याजवळ कारणही राहणार नाही.

अक्का पुढे म्हणाल्या, “तू हिशोबानं बघतीस. पोरगं मळणीवर हाय, त्याला सवड न्हाई. तू चल आमच्यासंगं.”

‘आमच्यासंगं’ हा शब्द मला रात्रभर टोचला. पण मी गेले. पिशवीत मोजपट्टी, पाना, खुरपे आणि पावशेर मक्याचे बी घेतले. रिकाम्या हाताने यंत्र पाहायला जाणे म्हणजे फळा नसलेल्या वर्गात गणित शिकवणे.

अहमदपूरच्या स्थानकावरून आम्ही तिघी एसटीने निघालो. तिघींच्या बाकावर सून खिडकीशी, अक्का मध्ये आणि मी वाटेच्या बाजूला बसले. थोड्या वेळाने सुनेने फोन काढला. यंत्र कसे चालते ते दाखवणारा एक व्हिडिओ तिने लावला, इअरफोनचे एक बोंड स्वतःच्या कानात आणि दुसरे अक्कांच्या कानात घातले. दोघींची डोकी एकमेकींना टेकली. अक्का मधूनच मान हलवीत होत्या. मी पिशवी मांडीवर धरून समोरच्या प्रवाशाची मान पाहत होते. बोंडे दोनच असतात, हे मला कळत होते. तरी कळून काही उपयोग होत नव्हता.

शेतकऱ्याचे घर शेतातच होते. यंत्र अंगणात लिंबाखाली उभे केले होते. त्याला नुकताच तांबडा रंग दिलेला होता. शेतकरी आणि त्याची बायको दोघेही बोलके होते. पाणी पिऊन झाल्यावर आम्ही यंत्राजवळ गेलो. अक्कांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून कुंकवाचा करंडा बाहेर काढला. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेने हात पुढे केला.

इथे काय झाले ते मी नीट सांगते. अक्कांना सुपारी हवी होती. सुपारी बटव्याच्या तळाशी होती आणि करंडा वर. सून फक्त तो क्षणभर धरणार होती. हे मला नंतर कळले. त्या वेळी मला एवढेच दिसले की अक्कांच्या हातात करंडा आहे आणि त्याच्याकडे दुसऱ्या बाईचा हात चालला आहे. त्या घरात आता एक सवाष्ण होती. माझी गरज संपली होती. माझा हात तिच्यापेक्षा लवकर पोचला. मी करंडा घेतला, उघडला आणि यंत्राच्या सांगाड्यावर कुंकवाची बोटे ओढली.

आमच्याकडे गाईला किंवा औजाराला कुंकू लावले की ते आपले झाले. त्यानंतर ते नको म्हणणे म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला माघारी पाठवणे. शेतकऱ्याच्या बायकोने लगेच हात जोडले. शेतकरी मोकळे हसला.

“आता काय बघायचं ऱ्हायलं? बसा, च्या घ्या. तुमचंच झालं की हे.”

किंमत कमी करण्याबद्दल फोनवर त्याने जे सैलसर बोलणे केले होते, ते त्या क्षणापासून आवळले गेले. सून माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, “काकू, आपल्याला अजून बघायचं होतं ना?” आवाजात तक्रार नव्हती. अक्कांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वर्गात पाटी पुसण्याआधीच नवीन उदाहरण लिहिले होते.

“लई घाई तुला,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी पाना काढला आणि कामाला लागले. चूक झाली असेल तर पुढचे काम दुप्पट काटेकोर करावे, ही शिस्त मी आयुष्यभर मुलांना सांगितली होती.

सांगाड्याच्या जोडांवरून बोट फिरवले. रंग जाड असला की त्याखाली भेग लपते. मी बोटाने चाचपत होते, तेवढ्यात सुनेने केसातली पिन काढून एका जोडावरचा रंग खरवडला. खालचे वेल्डिंग शाबूत दिसले. पिन मला सुचायला हवी होती. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवून पाहिले. बेअरिंग ढिले नव्हते. साखळीच्या काही कड्या आखडलेल्या होत्या, पण तेलाने सुटतील अशा. खताच्या पेटीचा तळ गंजला होता. खत पेटीत राहिले की लोखंड खाते, म्हणून हंगाम संपल्यावर पेटी धुऊन ठेवावी लागते. या घरी ती धुतलेली नव्हती. तबकड्या मी बाहेर काढल्या. सून म्हणाली की या सोयाबीनच्या आहेत, मक्याच्या वेगळ्या असतात, त्यांची भोके मोठी असतात. ते बरोबर होते. मी तेच म्हणणार होते. तिने ते माझ्याआधी म्हटल्यामुळे मला ते अर्धवट वाटले. शेतकऱ्याच्या बायकोने घरातून मक्याच्या तबकड्या आणून दिल्या.

मग खाली ताडपत्री अंथरली, शेतकऱ्याकडून यंत्र विटांवर चढवून घेतले, पेट्यांत माझे बी घातले आणि चाक हाताने फिरवले. चारही नळ्यांतून दाणे एकेक करून पडले. फुटका दाणा एकही नाही. सून उकिडवी बसून दाणे गोळा करीत होती, अक्का तिच्या शेजारी बसून तेच करीत होत्या. मी चाक फिरवत होते. मका टोकताना दाणे माझ्या मुठीत असायचे.

चाक फिरवता फिरवता ते माझ्या हाताला लागले. जमिनीवर चालणारे चाक यंत्राला गती देते; ते फिरले तरच तबकडी फिरते आणि तबकडी फिरली तरच दाणा पडतो. चाकाने माती पकडावी म्हणून त्याच्या कडेला लोखंडी खुंट्या असतात. या चाकाच्या खुंट्या झिजून गोल झाल्या होत्या. वरून रंग दिल्यामुळे त्या नुसत्या पाहून कळत नव्हत्या, हाताला कळत होत्या.

मी शेतकऱ्याला यंत्र ट्रॅक्टरला जोडायला सांगितले. अंगणातल्या टणक जमिनीवर चाक व्यवस्थित फिरले. त्याला तेवढेच दाखवायचे होते. मी म्हटले, नांगरून भिजवलेल्या रानात चालवा. तो थोडा कुरकुरला, पण चालवले. मऊ काळ्या मातीत गेल्यावर चाक मधूनच फिरायचे थांबून नुसते घसरत होते. मी खुरपे घेऊन ओळीवरची माती बाजूला केली. एक वीत सोडून एक, असे दाणे काही अंतर बरोबर पडलेले; मग हातभर जागा रिकामी; मग पुन्हा दाणे.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. परीक्षेत हुशार विद्यार्थ्याची एकच चूक सापडली म्हणजे काही शिक्षकांना होतो तसला. मी उठून उभी राहिले, हात झटकले आणि खणखणीत आवाजात निर्णय दिला की हे यंत्र आपल्या काळ्या रानात चालणार नाही.

सून म्हणाली, “खुंट्या वेल्ड करून घेता येतील, काकू. अहमदपूरला कुणीही करून देईल.”

“वेल्ड तर सगळंच करता येतं,” मी म्हणाले. “मग नवंच का बनवून घेऊ नये?”

शेतकऱ्याला राग आला. “बाई, आधी कुंकू लावलं, आन् आता खोट काढायलाव व्हय?” त्याची बायको सांगाड्यावरच्या कुंकवाकडे पाहत होती. सून खाली पाहत होती. माझे निदान अचूक होते, पण तिथे कोणालाही ते निदान वाटत नव्हते. माझ्या बोलण्यातले चाक-खुंट्या बाजूला राहून त्यांना त्यामागचे दुसरेच काही ऐकू येत होते, आणि त्यांचे ऐकणेही अचूक होते.

अक्का उठल्या. उठताना त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. मला कोपराला धरून त्यांनी उसाच्या कडेला नेले. तिथे पाटाचे पाणी चालले होते. त्या पाटाच्या काठावर बसल्या आणि मलाही खाली बसवले.

“खरं सांग,” त्या म्हणाल्या. “ही पोरगी आलीच न्हाई समज. आपुन दोघीच आलाव मशिन घ्यायला. मग घेतलं असतंस का न्हाई?”

‘नाही’ म्हणणे सोपे होते. ते म्हटले असते तर त्यांनी कुंकवाचा दोषही पत्करला असता, शेतकऱ्याची माफी मागितली असती आणि आम्ही रिकाम्या परतलो असतो. एवढा माझा शब्द अजून चालत होता. या हंगामात मका पुन्हा हाताने टोकली गेली असती. पण त्यांनी प्रश्न अशा रीतीने मांडला होता की त्याचे एकच उत्तर बरोबर येत होते. सांगाडा चांगला, बेअरिंग चांगले, तबकड्या चांगल्या. खुंट्यांचे काम एका दुपारचे.

“घेतलं असतं,” मी म्हणाले. “खुंट्या बसवून घेतल्या असत्या.”

“मंग झालं.”

त्या उठल्या आणि शेतकऱ्याशी बोलायला गेल्या. सुनेला त्यांनी काहीही विचारले नाही. त्या चार पावलांपुरती मी फार सुखात होते. मग माझ्या लक्षात आले की त्यांनी माझा शब्द घेतला आणि त्याच शब्दाने आमचा वारंगुळा मोडला.

परतीच्या बसमध्ये अक्कांना खिडकीशी बसवले. त्या लगेच डुलकी घेऊ लागल्या. सून आता माझ्या शेजारी होती. ती मोठ्या आपुलकीने म्हणाली, “काकू, तुमचं रान आपण आधी टोकू. आणि तुमच्याकडून भाडं थोडंच घेणार आहोत?”

मी हसले असेन. सगळे चांगले बोलणे होते. पण वारंगुळ्यात कोणी कोणाला काही माफ करीत नाही, कारण कोणी कोणाचे काही देणे लागत नसते. आता मी अशी शेजारीण झाले होते, जिच्याकडून भाडे घेत नाहीत.

पुतण्याने जाऊन यंत्र आणले आणि अहमदपूरला खुंट्या वेल्ड करून झाल्या. रानाला वापसा आल्यावर माझी मका एका सकाळीच टोकून झाली. पुतण्या ट्रॅक्टरवर, सून मागे चालत नळ्यांकडे लक्ष देत होती. मी धुऱ्यावर उभी राहून पाहिले. अक्का आल्या नाहीत. यायचे काही कारण नव्हते. ओळी सरळ आल्या. माझ्या फळ्यावरच्या रेघांइतक्या सरळ. त्यांच्याही रानात तशाच. फक्त दोघींच्या रानांत जिथे पाणी साचते त्या सखल कोपऱ्यांत चाकाला माती चिकटली आणि काही जागा रिकाम्या राहिल्या. कोंब वर आले तेव्हा त्या स्पष्ट दिसू लागल्या.

रिकाम्या जागी पुन्हा हाताने बी लावतात, त्याला आम्ही नांग्या भरणे म्हणतो. ते यंत्राला येत नाही. मी त्याच संध्याकाळी अक्कांकडे गेले आणि म्हणाले की उद्या तुमच्या नांग्या भरायला मी येते, परवा तुम्ही माझ्याकडे या.

“ये की,” त्या म्हणाल्या.

सकाळी खुरपे घेऊन मी धुरा ओलांडला. कोपऱ्यात सून होती. भिजवलेले बी ओल्या फडक्यात बांधून तिने कमरेला खोचले होते. आईंचे गुडघे फार दुखतात, त्या म्हणाल्या तू जा काकूंसंगं, असे तिने सांगितले. मी ओळ धरली. ती जागा करू लागली, मी दाणे टाकू लागले. तिचा हात जलद होता. तेही मला आवडले नाही.

अर्धी ओळ झाली. मग ती खुरपे न थांबवता म्हणाली, “काकू, आईंना मी काहीही सांगितलं ना, तरी त्या आधी म्हणतात, थांब, मास्तरणीला विचारू. ते मशिनसुद्धा. मी आठ दिवस सांगत होते. तुम्ही हो म्हणालात आणि घेतलं.”

त्या वाक्यात माझे कौतुक नव्हते. त्यात काय होते ते मला पहिल्या शब्दापासून ओळखू आले. वर्षभर मी तेच उराशी घेऊन हिंडत होते. तिला काहीतरी मायेचे म्हणता आले असते. मी म्हटले नाही. मला ते ऐकायला गोड लागले आणि मी ते ओळीच्या टोकापर्यंत तसेच गोड राहू दिले.

ओळ संपल्यावर तिने विचारले, “उद्या तुमच्याकडं यायचं ना?”

“हो. पण येताना अक्कांना घेऊन ये,” मी म्हणाले. “काम नको करू दे. धुऱ्यावर बसू देत.”

तिने फडक्याची गाठ घट्ट केली, सासूच्या घराकडे एकदा पाहिले.

“बघते,” ती म्हणाली.